झोपड्यांवरची कबुतरं

वऱ्हाडात मास्तरकीला आलो त्याच्या दुसऱ्याच हिवाळ्यात गावात उंदीर पडू लागले. उंदीर मरून पडले की गाव सोडायचं, हे किन्हीराजाकडच्या आमच्या त्या लहानशा गावाला एव्हाना सवयीचं झालं होतं. फारसा आरडाओरडा झाला नाही. दोन घरांतली माणसं प्लेगनं गेली, त्यांचं क्रियाकर्म उरकून लोकांनी धान्य, जाती, पाळणे बैलगाड्यांत घातले आणि अर्ध्या कोसावरच्या एका शेतात झोपड्या ठोकल्या. तुराट्यांचा कुड आणि वर कडबा. वेशीत बोरीच्या फांट्या आडव्या टाकल्या आणि आता गावात कोणी पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. शाळाही बंद झाली. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

त्या दिवसांबद्दल कोणी हळहळून विचारलं की मला आधी आठवतो तो हुरडा. हे ऐकून विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, पण त्याला माझा इलाज नाही. सकाळी थंडी मी म्हणत असायची. तीन दगडांच्या चुलीवर मी चहा करायचो, आणि मग दिवसभर करायला काहीच नसायचं. मी झोपडीमागे वांगी आणि मेथी लावली. कोकणात आमच्या परसात चार पावलांवर दगड लागतो. इथली काळी माती ओली झाली की पायाला चिकटून घरात येते आणि सुकली की तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्याशी माझं शेवटपर्यंत पटलं नाही. वांगी मात्र झकास आली. सकाळी शेकोटीत हुरडा भाजायचा, दुपारी तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडायच्या आणि बांधावर बसून सोलत खायच्या. मासे आणि नारळ यांची आठवण यायची, पण ती बोलून दाखवायची सोय नव्हती. "भात खाऊन माणूस जगते तरी कसा, मास्तर?" हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारायचंच. जगतो आहे ना, म्हणायचो आणि पुढची शेंग सोलायचो.

शेत ज्यांचं होतं त्या म्हाताऱ्यांना सगळे आबाजी म्हणत. हातात सदा अंबाडीचा दोर वळत असायचा आणि तोंडात सदा कुणाचा तरी उद्धार. झोपड्यांत त्यांचा शब्द चालायचा, कारण जमीन त्यांची आणि विहीरही त्यांची.

माझ्या शेजारची झोपडी बांगडीवाल्या चाचांची होती. ते मूळचे बुऱ्हाणपूरकडचे, म्हणजे माझ्यासारखेच परके, फक्त माझ्या आधी वीसेक वर्षं आलेले. साथीत बायका परक्याच्या हातात हात देईनात, त्यामुळे बांगड्यांचा धंदा पार बसला होता. उरला होता तो त्यांचा शौक. चाचा कबुतरं पाळायचे. गावातल्या त्यांच्या माळवदावर कबुतरांची लाकडी घरटी होती, आणि संध्याकाळी धान्याचा डबा वाजवून "आवऽ आवऽ" अशी हाळी दिली की आभाळातलं पाखरू न् पाखरू खाली यायचं. गाव सोडताना त्यांनी भांड्यांच्या आधी कबुतरांची खुराडी गाडीत चढवली. त्यावरून चाचींनी जे काही ऐकवलं ते साऱ्या गाड्यांना ऐकू गेलं. चाची गोशातल्या. झोपडीच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता, त्याआडून मला त्यांचा आवाज तेवढा माहीत होता. कबुतरांना त्या सवत म्हणायच्या.

नव्या जागेची सवय व्हावी म्हणून चाचांनी कबुतरांचे पर दोऱ्यानं बांधून ठेवले. महिनाभरानं सोडले. सगळे बघायला जमलो. कबुतरं वर गेली, झोपड्यांवर दोन घिरट्या घातल्या आणि सरळ गावाकडे जाऊन आपल्या रिकाम्या माळवदावर उतरली. चाचा तसेच वेशीकडे निघाले. पडद्याआडून आवाज आला, "गाँव में पाँव रखा तो मेरा मुँह मत देखना." मागच्या साथीत त्यांचा मुलगा गेला होता. सामान आणायला म्हणून त्याला घरी धाडलं होतं, तो तिसऱ्या दिवशी दगावला, असं मला आबाजींनी सांगितलं. चाचा परत फिरले.

पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शेतातूनच डबा वाजवून हाळी दिली, आणि कबुतरं आली. खाली उतरून ज्वारी टिपली, विहिरीच्या पाटातलं पाणी प्यायली आणि दिवस मावळायच्या आत परत गावात झोपायला गेली. मग रोजचंच झालं. त्या वेळेला बायका भाकरी थापायच्या थांबायच्या, पोरं कोणतं पाखरू आधी उतरेल यावर पैज लावायची. मीही माझी मेथी सोडून यायचो. गावातलं आपलं म्हणावं असं काहीतरी रोज येऊन भेटून जातंय, असं लोकांना वाटत असावं. मला तर त्या गावाचं काही वाटायचं कारण नव्हतं, तरी मी यायचो.

पुढं एका पोरीला ताप भरला. जांघेत गाठ नव्हती, पण भीतीला गाठ लागत नाही. संध्याकाळी बापे मंडळी बसली तेव्हा आबाजींनी विषय काढला. "हे पाखरं रातच्याले थ्या गावात झोपतेत आन दिवसा आपल्यात येऊन दाणे खातेत. हे काई बरं नाई." मग सगळे माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकलेले. पाखरानं प्लेग येते काय?"

मी म्हणालो, उंदरांच्या पिसवांचं वर्तमानपत्रात वाचलंय, पाखरांचं काही वाचलेलं नाही.

"म्हंजे तुमाले बी माईत नाई," आबाजी म्हणाले. ते खरंच होतं.

चाचांनी वाद घातला नाही. "उद्यापासून नाई बोलवत मी," एवढंच म्हणून ते उठले.

कबुतरं मात्र यायची. झोपड्यांवर घिरट्या घालून बाभळीवर बसायची आणि वाट बघून निघून जायची. चाचा त्या वेळी आत पाठ करून बसत. पोरीचा ताप चार दिवसांत उतरला. बोरं फार खाल्ली होती, दुसरं काही नाही. तरी बंदी उठवा असं कोणी बोलेना. आपण बोलायचं आणि उद्या खरोखरच कोणी आजारी पडायचं, हा धोका कोण पत्करणार? संध्याकाळी सगळे आपापल्या चुलीपाशी बसून राहायचे. त्या संध्याकाळी मला फार लांबल्यासारख्या वाटत, आणि कोकणातलं घर पहिल्यांदाच आठवून रडू यायचं.

चाचांचं जेवण तुटलं. मग ते तिन्हीसांजेला बांधाबांधानं वेशीपर्यंत जायला लागले. बोरीच्या फांट्यांपाशी उभे राहायचे आणि परतायचे. पाखरं कमी होत चालली होती. गावात आता मांजरांचं राज्य होतं. एका संध्याकाळी पाखरं अजून बाभळीवर असतानाच चाचा निघाले ते खांद्यावर ज्वारीची पिशवी घेऊन. ती कशासाठी हे सगळ्यांना कळलं. मी उठलो, चार पावलं गेलो आणि मेथीच्या वाफ्याशीच थांबलो. बाकीचेही बघत राहिले. ते निम्म्या वाटेवर पोचले असतील.

तेवढ्यात पडद्याआडून हाळी आली. "आवऽ आवऽ." तीच हाळी, तेच हेल, फक्त आवाज बारीक आणि सुरुवातीला थोडा चिरकलेला. डब्याऐवजी पातेल्यावर तांब्याचं झाकण वाजत होतं. पडदा बाजूला झाला, आणि ज्या बाईचं नख कधी आम्ही पाहिलं नव्हतं ती डोक्यावरचा पदर दातांत धरून अंगणात आली आणि सगळ्यांच्या देखत मुठीमुठीनं ज्वारी फेकू लागली. फेकत असताना तिचे डोळे पाखरांकडे नव्हते, बांधावर होते.

कबुतरं बाभळीवरून हलेनात. आवाज ओळखीचा नव्हता. ती हाका मारतच राहिली. मग एक उतरलं, मग बाकीची.

बांधावर चाचा थांबले होते. पिशवी खांद्यावरून खाली ठेवून ते तिथंच बसले.

सगळ्या झोपड्यांचं तोंड आता आबाजींकडे होतं. त्यांच्या पायाशी पाच-सहा पाखरं दाणे टिपत होती. त्यांनी पाय हळूच पोटाशी घेतले आणि दोर वळता वळता म्हणाले, "मले तं बाप्पा काई आयकू नाई आलं."