नाकाला पदर

ज्योतीराम मास्तरांना चाकणच्या त्या हायस्कुलात घेतलं चित्रकला शिकवायला, पण वापरलं रंगाऱ्यासारखं. पुढारी येणार, की रंगवा कमान. संमेलन आलं, की रंगवा पडदा. चित्रकलेचा तास गणिताचे गुरुजी हक्कानं खाऊन टाकायचे, वर "तुमच्या काय, रेघोट्याच ना?" म्हणून दात काढायचे. मास्तरांना या सगळ्याची शिसारी आली होती.

त्याहून शिसारी पोरांच्या वह्यांची. आठवीतलं कुठलंही पोर घ्या, तेच दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाड. अरे, चाकणात नारळ कुणी पाहिलाय? मास्तर कागद टराटरा फाडायचे. "डोळे गहाण टाकलेत का रे?" म्हणून ओरडायचे. पहिलं वर्षभर नुसती रेघ आणि मडकं. मग एलिमेंटरीची परीक्षा, आणि त्यातून तरलेली चार-दोन पोरं पुढं इंटरमिजिएटला. त्यांना मास्तर शनिवारी कांद्याच्या बाजारात नेऊन बसवत आणि समोर दिसतं तेच काढायला लावत.

शहात्तर साली त्या चार-दोघांत दहावीतली कस्तुरा होती. बाप कंपनीत हेल्पर, आई सरूबाई आबाजींच्या वखारीत कांदे निवडायला. हे आबाजी बाजारातले मोठे आडते, आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. कस्तुराला इंटरमिजिएट होऊन पुण्याला चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला जायचं होतं. नाहीतर आईशेजारची जागा होतीच.

संमेलनातल्या प्रदर्शनासाठी तिनं मोठं चित्र काढलं. वखारीमागचा सडक्या कांद्यांचा ढीग, त्याला सुटलेलं काळं पाणी, घोंघावणाऱ्या माश्या. भोवती निवडायला बसलेल्या बाया, साऱ्यांच्या नाकाला पदर. मधोमध सरूबाई. मास्तरांना बघूनच मळमळलं.

"जमलं, पोरी," ते म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी आजवर कुणाचं केलं नव्हतं.

आदल्या दिवशी आबाजी पाहणीला आले आणि चित्रापुढं भडकलेच.

"अहो मास्तर, ही काय घाण? माझ्या वखारीत नासका माल असतो, असं गावाला दाखवताय व्हय? उद्या इथं ताजं, लाल कांदं पायजेत. आन् मधी मालक म्हणून मला उभा करा, फेट्यासकट. न्हाईतर ही पोरगी परीक्षेला बसायची न्हाई!"

"होईल, साहेब, होईल," मागून हेडमास्तर म्हणाले. माणूस आहे का पायपुसणं! रंगाचं गढूळ पाणी त्यांच्या डोक्यावर ओतावं, असं मास्तरांना वाटलं.

"मी हात लावणार नाही," मास्तर म्हणाले. "थू असल्या नोकरीवर!"

"सर, मी करते," कस्तुरा हळूच म्हणाली. "मला परीक्षेला बसायचंय."

मास्तरांना तिचा राग आला. पण तिनं दुसरं करायचं तरी काय? तोंड कडू झालं, बाहेर जाऊन ते थुंकून आले. इतकं घसा फोडून शिकवलं, आणि शेवटी हीही नारळच काढणार!

सकाळी चित्र भिंतीवर लागलं. ढीग लालभडक, एकेक कांदा टवटवीत. सरूबाईच्या पुढ्यात आबाजी उभे, डोक्यावर फेटा, पोटावर हात, बोटात अंगठी.

"आता कसं!" आबाजी खूश झाले. फोटोवाल्याला बोलावून त्यांनी चित्राशेजारी फोटो काढून घेतला, आणि पोरगी परीक्षेला बसणार, हे चारचौघांत जाहीरही करून टाकलं. हेडमास्तरांनी चित्र पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

मास्तर कोपऱ्यात पाठ फिरवून उभे होते. त्यांनी चित्राकडं बघितलंच नव्हतं.

दुपारी बाजारातल्या बाया आल्या, सरूबाई सगळ्यांत पुढं. बराच वेळ तिनं चित्र निरखलं. मग लेकीकडं बघितलं. लेक खाली मान घालून ब्रश पुसत होती.

"मास्तर, हिकडं या की जरा," सरूबाईनं हाक मारली.

मास्तर नाइलाजानं वळले. कांदे बदलले होते, मालक आला होता. बाया मात्र पोरीनं जशाच्या तशा ठेवल्या होत्या. ताज्या ढिगापुढं, आबाजींच्या भोवती, साऱ्याजणी नाकाला पदर लावून बसल्या होत्या.

"कांदं तर झ्याक दिसत्यात, मास्तर," सरूबाई म्हणाली. "मग आमाला वास कुणाचा यीतोय?"