काळ्या कागदाच्या पट्ट्या

“खाली काही असो नसो, तू पट्टी लाव. लोक पट्टी पाहूनच आत येतात.”

हे मला उद्देशून नव्हतं. अकोल्यातल्या त्या बंद टॉकीजच्या व्हरांड्यात दिग्दर्शक कलाविभागातल्या मुलीला सांगत होता आणि मी तिकीट खिडकीमागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. खिडकीला एक हात जाईल एवढंच भोक. त्यातून मला तिची कात्री दिसत होती, काळा कार्डपेपर दिसत होता आणि दिग्दर्शकाचे बूट. कुठेही गेले की मी आधी अशी जागा शोधते, जिथून बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्यांना मी दिसत नाही.

अकराला शो होता. सिनेमाच्या इंग्रजी सबटायटल्समधल्या शेवटच्या चुका मी काढत होते. तेवढ्यात बाबांचा फोन आला. जठारपेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. आमच्या शेतातली शेवंती आणि झेंडू तिथे येतो. हे मी युनिटमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. मी कोणाला फारसं काही सांगत नाही. पण हार सांगायला गेलेला प्रॉडक्शनचा माणूस नेमका आमच्याच दुकानात गेला होता. बाबा म्हणाले, टॉकीजचा हार माह्याकडूनच चाल्ला, मीच घेऊन येतो, तुहा सिनेमाही पाहनं होते.

मी त्यांना ‘जुन्या टॉकीजवरचा सिनेमा आहे’ एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण आता ते येणार म्हटल्यावर ते पुरेसंही नव्हतं.

माझ्या आईबाबांच्या तरुणपणी टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला ‘तसले’ सिनेमे लागत. मोठा हिरो नाही. धबधब्याखालचं गाणं, डाकूंचा अड्डा, एखादी भुताची हवेली, विनाकारण भिजणारी नायिका आणि पोस्टरवर ‘फक्त प्रौढांसाठी’. बाहेरच्या काचेच्या शोकेसमध्ये त्यांचे फोटो लागत आणि फोटोतल्या बायकांच्या अंगावर काळ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत. आमच्या दिग्दर्शकाचं या सिनेमांवर भारी प्रेम. तो मूळचा अमरावतीचा, पण पुण्यात शिकून आल्यापासून त्याच्या बोलण्यातली वऱ्हाडी फक्त जेवताना ऐकू यायची. त्याने आजच्या काळात, थोड्या मित्रांना घेऊन, त्याच ढंगाचा सिनेमा केला होता. तसेच भडक रंग, तसाच खरखरीत आवाज, शब्दांच्या मुद्दाम पुढेमागे हलणारे ओठ. गोष्ट मात्र त्या सिनेमांत काम केलेल्या एका बाईची. उतारवयात ती ज्या गावात आपला सिनेमा चालला होता तिथे येते आणि बंद टॉकीजमध्ये एकटी बसते.

मी अमरावतीत एका क्लासमध्ये मुलींना इंग्रजी बोलायला शिकवते. मी स्वतः कोणत्याच भाषेत फार बोलत नाही, हे मुलींनी केव्हाच ओळखलं आहे. दिग्दर्शक क्लासमध्ये आला आणि म्हणाला, सबटायटल्स लिहायला मला बाईची नजर हवी आहे. मला पहिला संशय तिथेच आला. बाईची नजर हवी असं पुरुष म्हणतो तेव्हा त्याला बाई हवी असते की नजर, हे मला कधी नीट कळलेलं नाही. तरी मी हो म्हटलं, कारण ते काम एका बाजूला बसून करायचं होतं.

त्याच्याविषयीचा संशय कौंडण्यपूरला पक्का झाला. सिनेमातल्या सिनेमात एक नदीतलं गाणं होतं. ते वर्धेच्या काठी, देवळापासून थोडं लांब चित्रित करायचं ठरलं. नागपूरहून आलेली नटी, चाळिशीची, मोठ्या आवाजाची, लाल साडी नेसून पाण्यात उतरली. देवदर्शनाला आलेली माणसं हळूहळू काठावर जमली. त्यातल्या एका म्हातारबाने विचारलं, कायचं शूटिंग हाये बापा? दिग्दर्शक क्षणभरही न अडखळता म्हणाला, रुक्मिणीमातेवरचा सिनेमा आहे आजोबा, हे तिचं माहेर ना.

मग काय, लोक मागे सरकले, पोरांना गप्प केलं. दोन बायांनी चहा आणला. नटी काकडत टॉवेल गुंडाळून बसली होती, तिच्यापुढे एका म्हातारीने वाकून नमस्कार केला आणि तिच्या ओल्या कपाळावर कुंकू लावलं. नटी दिवसभर सगळ्यांची टिंगल करायची, पण ते कुंकू तिने पुसलं नाही. गाडीत परतताना एवढंच म्हणाली, “तो किती गोड खोटं बोलते पाह्य. तुह्याशी खरं बोलत असंन असं समजू नको.”

मी तसं समजत नव्हतेच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मी जास्तच जपून वागू लागले. माझ्याकडे कॅमेरा वळला की फाइलमागे तोंड लपवायचे. त्याने पाठवलेल्या संवादांतले ‘हशा’, ‘हुंदका’ असे कंस पुन्हा पुन्हा वाचायचे, त्यात काही दुसरं दडलंय का ते पाहायला. सापडलं काहीच नाही. उलट सिनेमा चांगला होत चालला होता, आणि ते मला आवडत नव्हतं. वाईट झाला असता तर संशय घेणं सोपं गेलं असतं.

एकदा याच टॉकीजमध्ये शूटिंग असताना तिकीट विकणारीचं काम करायला ठरलेली मुलगी आली नाही. दिग्दर्शक माझ्याकडे आला. “मॅडम, फक्त हात दिसेल. भोकातून तिकीट द्यायचं, बस.”

मी विचारलं, चेहरा?

“चेहरा कुठून दिसणार? भिंत आहे मध्ये.”

मी तिकिटं दिली. त्या दिवशी मी गुडघ्यापर्यंतचा पिवळा ड्रेस घातला होता. बाबांनी तो मागच्या दिवाळीत माझ्यासाठी आणला होता. बाबांना कपड्यांतलं काही कळत नाही. झेंडूचा रंग दिसला की ते तो उचलतात. नटी मधेच खोलीत डोकावून म्हणाली, “झेंडूच्या ढिगात बसल्यासारखी दिसतेस वो मॅडम,” आणि मला हसू आलं. त्याच वेळी युनिटच्या फोटोग्राफरने खोलीच्या दारातून क्लिक केलं. हसता हसता मी त्याच्याकडे पाहिलं. फोटो कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, आठवण म्हणून. दिग्दर्शकाने मागाहून तो फोटो पाहिला आणि खूश झाला. “ही नजर पाहा. ओठ हसतायत आणि डोळे विचारतायत, तुला काय पाहिजे? त्या जुन्या फोटोंत नेमकं हेच असायचं.”

खरं सांगायचं तर मलाही तो फोटो आवडला होता. माझे हसतानाचे फोटो फार कमी आहेत. तो कोणाकडे मागायचा धीर मात्र झाला नाही.

तर त्या सकाळी, बाबांचा फोन ठेवल्यावर, मी खोलीतून बाहेर आले. बाबा येण्याआधी बाहेर काय लावलंय ते एकदा पाहून ठेवावं, एवढंच डोक्यात होतं. शोकेस झाडून-पुसून चकाचक केलं होतं. वरच्या ओळीत मधोमध नटीचा मोठा फोटो. खालच्या ओळीत डाव्या बाजूला मी. तोच फोटो. खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत रुंद काळी पट्टी. वर माझा चेहरा, ती नजर. खाली उघड्या पोटऱ्या. पिवळा रंग कुठेही दिसत नव्हता. आपलाच फोटो आहे हे ठाऊक असूनही मला क्षणभर वाटलं की पट्टीखालच्या मुलीच्या अंगावर काही नाही.

कलाविभागातली मुलगी उरलेले कागद गोळा करत होती. मी तिला हळूच म्हटलं, ही माझी आहे.

“मस्त दिसतेय ना? अगं, सगळ्यांनाच लावलीय. व्हिलनच्या मिशीवर बघ. आणि घोडा.”

खरंच, डाकूच्या घोड्यालाही पोटावर पट्टी होती. तीच तर गंमत होती. तेव्हा टॉकीजवाले पूर्ण कपड्यातल्या बाईलाही पट्टी लावायचे, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला वाटावं आत काहीतरी आहे. त्या लबाडीलाच दिग्दर्शकाचा हा सलाम होता. घोडा पाहिला की कोणालाही हसू यावं आणि कळावं. पण घोडा उजवीकडे कोपऱ्यात होता, आणि रस्ता डाव्या बाजूने येत होता.

मी दिग्दर्शकाकडे गेले. माझ्या फोटोवरची पट्टी काढता येईल का, असं विचारलं. मी ते इतक्या हळू विचारलं की त्याला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला की एक काढली तर सगळा खेळ मोडतो, शो झाला की काढू, आणि मी अख्खा सिनेमा ओळ न् ओळ वाचलेला, मला तरी कळायला हवं. शेवटचं वाक्य त्याने मुद्दाम वापरलं की सहज, हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्याने माझं तोंड बंद झालं. न कळणाऱ्यांत आपली गणती होऊ नये म्हणून मी शाळेपासून किती वेळा गप्प बसले असेन.

नटी पायरीवर बसून चहा पीत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“काहून मागतेस त्याले? सरळ काढ.”

मी म्हटलं, शोकेसला कुलूप आहे.

“मंग किल्ली त्याच्याच खिशात असंन,” ती म्हणाली आणि बशीत उरलेला चहा पिऊन टाकला. “आन् हार कोनासाठी येऊन राहिला, ठाऊक हाये? माह्या फोटोसाठी. मी जित्ती असून.”

हाराची गोष्ट मला माहीत होती. दिग्दर्शकानेच ती सगळ्यांना सांगितली होती. मोठ्या हिरोच्या फोटोला पहिल्या दिवशी हार पडायचे. सकाळच्या सिनेमांतल्या बायकांना मात्र कोणी कधी हार घातला नाही. आज आपण घालायचा. हे सांगताना त्याचा आवाज जरा कापला होता. ती थाप नव्हती, याची मला आजही जवळजवळ खात्री आहे. तोच माणूस, त्याच सकाळी, माझ्या अंगावर काळा कागद लावून मोकळा झाला होता. दोन्ही त्याने मनापासून केलं, आणि हेच मला जास्त घाबरवत होतं.

मी पुन्हा तिकीट खिडकीमागे जाऊन बसले. भोकातून आता रस्ता दिसत होता. एक ऑटोवाला थांबला. त्याच्या मागे मोटरसायकलवरचे दोघे उतरले आणि शोकेससमोर उभे राहिले. एकाने मोबाईल काढला.

“चालू झाली का रे टॉकीज?”

“थे पाह्य डाव्या हाताची. आपल्याच इकडची वाटून राह्यली.”

“कोनाची असंन?”

मी बाबांना फोन लावला. येऊ नका असं सांगायचं होतं. कारण काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. त्यांनी उचलला नाही. गाडी चालवताना ते कधीच उचलत नाहीत.

मग त्यांची स्कूटर आली. पुढे टोपलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला हार. त्यांनी स्कूटर उभी केली, फडकं काढलं, हार दोन्ही हातांवर घेतला आणि सरळ शोकेसकडे निघाले. कुठे लावायचा असं त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. ज्या सहजतेने ते व्हरांड्याच्या त्या कोपऱ्याकडे वळले, त्यावरून मला वाटलं की हे इथे पूर्वी कधीतरी, तरुणपणी, उभे राहिलेले आहेत. हा संशय मी त्यांच्याजवळ कधी काढला नाही, काढणारही नाही.

दिग्दर्शक लगबगीने पुढे गेला. या काका, या, वरच्या मोठ्या फोटोला, असं म्हणत त्याने खिशातून किल्ली काढून काच उघडली. बाबांनी वर पाहिलं, मान हलवली. हार घालायला एक पाऊल पुढे टाकलं आणि त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली.

ते थांबले. हारातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी माझ्या फोटोकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे, जसं आपण कोणाच्या चुकून उघड्या राहिलेल्या दाराकडे पाहून नजर वळवतो. मग पुन्हा पाहिलं. शेजारी ते दोघे मोबाईलवाले होतेच. बाबांनी काही ओळख दाखवली नाही. परक्या माणसाने विचारावं तसं त्यांनी दिग्दर्शकाला विचारलं, “ह्या पट्टीखाली काय हाये?”

हे माझे वडील आहेत हे त्याला माहीत नव्हतं. तो हसला.

“तेच तर गुपित आहे काका. पूर्वीसारखं.”

बाबाही कसंनुसं हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आणि तिथे बसल्या बसल्या मला कळलं की तो ड्रेस ज्यांनी आणला त्यांनाही पट्टीखाली काय आहे हे सांगता येणार नव्हतं. ते मला कधी विचारणार नव्हते. दुकानात, जेवताना, माझ्याकडे न पाहता ते आयुष्यभर समजूतदारपणे वागणार होते.

मी उठले. खोलीचं दार अडकतं, ते जोराने ढकलावं लागलं. त्या आवाजाने सगळ्यांनी वळून पाहिलं. ऑटोवाल्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घराबाहेर मी वऱ्हाडी बोलत नाही, शाळेने ती सवय कधीच मोडली होती. पण त्या वेळी दुसरी कुठली भाषा तोंडाशी आली नाही. मी शोकेसपर्यंत गेले, बाबांच्या बाजूला उभी राहिले आणि दिग्दर्शकाला, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणाले:

“पट्टी काढा. माह्या बाबाईनं आनलेला ड्रेस हाये खाली. त्याईले दिसू द्या.”