जेवणाआधीची निवडणूक

आयोनी मॅकफार्लेन जमैकाहून इंग्लंडमध्ये लीड्सला आली ती नर्स म्हणून, आणि रात्रपाळ्या करून करून निवृत्त झाली तीही नर्स म्हणूनच. वस्तीतल्या गृहनिर्माण सहकारी संस्थेची ती जुनी सभासद. संस्थेच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो असे. ऑक्टोबरात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं की तिथेही तोच फोटो. कार्यकारी समितीत मात्र तिच्या रंगाचं माणूस एकदाही बसलं नव्हतं. एक सभासद, एक मत, असा चोख नियम. तक्रार करायची तरी कशाची?

वार्षिक सभेचं जेवण जमैकन बायकांनी रांधायचं, हा रिवाज. समितीची निवडणूक जेवणाआधी, हाही रिवाज. हात वर करायची वेळ यायची तेव्हा त्या सगळ्या आत शेगडीपाशी. इतकी साधी गोष्ट लक्षात यायला आयोनीचे केस पांढरे व्हावे लागले. यंदा तिने स्वतःचंच नाव दिलं.

अध्यक्ष ॲक्रॉइड उमेदवारांची नावं वाचू लागले, तशी ती गुडघे सावरत उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

"मर्लीन, गॅस बंद कर. सगळ्या बाहेर चला."

"अगं, भात अर्धा कच्चा आहे! आणि मटण खाली लागलं तर?"

"लागू दे."

"लोक काय म्हणतील?"

"इतकी वर्षं चांगलं वाढलं, तेव्हा काय म्हणाले? 'व्वा' म्हणाले. मत दिलं का कुणी?"

मर्लीनने हातातला डाव सोडला नाही. "तू जा बाई. मी ढवळते."

सगळ्यांत वडील मिस प्रेशस खुर्चीतून उठल्या आणि त्यांनीच गॅस बंद केला. "पुरे तुझ्या मटणाचं कौतुक, मर्लीन. हो पुढे."

ॲप्रन बांधलेल्या बायका भिंतीशी ओळीने उभ्या राहिल्या. ॲक्रॉइड गोंधळले. "जेवण झालं वाटतं तयार?"

"नाही. मत द्यायला आलोय," मिस प्रेशस म्हणाल्या.

आयोनी निवडून आली. टाळ्या पडल्या, काही जोरात, काही उगीच. आपल्याला आनंद होईल असं तिला वाटलं होतं. पण समितीच्या टेबलाशी टेकताना जाणवलं ते एवढंच, की पाय फार दुखताहेत आणि हे आधीच व्हायला हवं होतं. आता पुढची सगळी वर्षं अशा बैठका.

"मग, जेवण कधी?" मागून कुणीतरी विचारलं. बऱ्याच माना सवयीने तिच्याकडे वळल्या.

आयोनीने चष्मा लावला. "बॉयलर दुरुस्तीचा विषय बाकी आहे," ती म्हणाली. "तो घ्या."