दोन रिकामे चौकोन

शहाद्याच्या जहीरला भरलेलं काही बघवत नसे. दुकानात एक टेबल, एक स्टूल. त्याची बायको फरजाना म्हणायची, एक दिवस हा माणूस भिंतीसुद्धा काढून ठेवील. जुने कॉम्प्युटर दुरुस्तीला आले की त्याचा हात आधी लॉगिनच्या पडद्यावर पडायचा. फुलांचं चित्र, घड्याळ, माणसांचे फोटो, सगळ्यांना सुट्टी. काळ्या पडद्यावर उरायचे दोन रिकामे चौकोन, एक नावाचा, एक पासवर्डचा. मशीन चटकन सुरू व्हायचं हे खरं, पण जहीरला त्याचा अभिमान जरा जास्तच होता.

कळसाडीच्या वाचनालयाचा कॉम्प्युटरही त्याने असाच बोडका केला आणि तिथेच त्याची फजिती झाली. वाचनालय सांभाळणारे हेमराज हंगामापुरते पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात लागले आणि चावी त्यांच्या बायकोकडे, धनुबाईकडे आली. पूर्वी ती हेमराजांच्या फोटोवर क्लिक करून पासवर्ड टाकायची. आता मशीन उघडेचना. आठवड्यात जमलं नाही तर चावी परत करा, असं वाचनालयाच्या समितीने बजावलं. पुन्हा घरात बसायच्या कल्पनेनेच धनुबाई कासावीस झाली.

जहीरने तीन फेऱ्या मारल्या. कीबोर्ड बदलला, वायर बदलली. तो स्वतः बसला की मशीन मुकाट्याने उघडायचं, त्याची पाठ वळली की हटून बसायचं. चौथ्या वेळी तो तिच्या मागेच उभा राहिला. धनुबाईने पासवर्ड झरझर टाकला. नावाचा चौकोन मात्र कोराच.

त्याने विचारलं तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "तीस वरीस व्हयनात, त्यासनं नाव मी घेयेल नही, भाऊ. आते लिखू कशी?"

जहीरने कपाळाला हात लावला. उखाण्यात घ्यावं तर चौकोनात तेवढी जागा नव्हती, आणि नाव न घेता चालणारा फोटो त्यानेच उडवला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने धनुबाईच्या नावाचं नवं खातं उघडलं, आतलं सगळं तिकडे हलवलं आणि सवयीने जुनं काढून टाकलं. तिने एका बोटाने अक्षरं शोधत आपलं नाव लिहिलं. मशीन उघडलं. चावी तिच्याकडेच राहिली.

रविवारी सुट्टीला घरी आलेल्या हेमराजांचा वाचनालयातून फोन आला, मशीन त्यांना ओळखच देत नव्हतं. जहीरने सांगितलं, आता धनुअक्काचं नाव लिहावं लागेल. हेमराजांनीही तीस वर्षं 'ऐकलं का'वरच भागवलं होतं. दुसरं काही चालणार नाही का, असं त्यांनी हळूच विचारलं.

तेवढ्यात मागून धनुबाईचा आवाज आला, "सरका तिकडे. मन्हं नाव मीच लिखस."