पळसाखाली गेलेलं गायरान

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालेल्या एसटीत शेजारचे गुरुजी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "पळस कसा फुललाय पाहा!" सगळी बस त्या लाल रानाकडे कौतुकानं बघत होती. मला बघवेना. ज्या गावी मी निघालो होतो, तिथला पळस माझ्यामुळे वाढला होता.

पंधरा वर्षांपूर्वी, गडचिरोली वेगळा जिल्हा होण्याच्या पुष्कळ आधी, मी या भागात एका सरकारी खात्यात नवा साहेब होतो. ते गाव दर माघात गायरान पेटवायचं. अर्धं यंदा, अर्धं पुढच्या वर्षी. हिरव्या डहाळ्यांनी पाचोळा झाडून पट्टा मोकळा करायचा आणि आग तिथवर आली की त्याच डहाळ्यांनी झोडपून विझवायची. त्यामुळे पळसाची रोपं पोटरीच्या वर जात नसत, आणि जळल्या जागी गुरांसाठी कोवळं गवत फुटे. मला त्यात नुसता अडाणीपणा दिसला. बंदीचा हुकूम माझ्याकडे नव्हता. अहवालात एक चांगली ओळ असावी म्हणून मी साध्या कागदावर 'आम्ही गायरान जाळणार नाही' असं लिहिलं, सरकारी हुकूम आहे म्हणून सांगितलं आणि सात जाणत्यांचे अंगठे घेतले. महिन्याभरात बदली झाली. मी विसरून गेलो.

गेल्या वर्षी तिकडचा एक लाकडाचा व्यापारी नागपूरला भेटला. हसत म्हणाला, "त्या गावात अजून आग लावत नाहीत. साहेबाला अंगठा दिलाय म्हणे!"

फाट्यावर उतरून चालू लागलो. पूर्वी इथून गावचा तलाव दिसायचा. आता पळसाच्या खोडांपलीकडे काही दिसेना. वाट चुकलो, बोरीच्या काट्यांनी सदऱ्याची बाही फाडली. शेवटी गुरांच्या लाकडी घंटेचा आवाज धरून गेलो, तर दसरूभाऊ भेटला. हा गावचा गायकी (गावाची गुरं राखणारा). पूर्वी त्याच्यामागे दीडशे ढोरं असत. आज मोजून अकरा होती.

"साहेब? पंधरा वर्सानं? काऊन आले जी?"

मी उत्तर टाळलं. त्यानं घरी नेलं. त्याची बायको सखूबाई हिनं भात आणि लाखोळीचं वरण वाढलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पोट बरं सुटलं साहेबाचं. आमच्या ढोरायची चराई ह्यायच्याच अंगाले लागली वाटते!"

दसरूभाऊ हसला नाही. "पळसाखाली गवत नाई उरलं जी. गाय त्या पानाले तोंड लावत नाई. झाडीत बिबट दिसत नाई, दोन वासरं नेली. गावानं ठरवलं, या अमावस्येले आखर मोडाचं." (आखर म्हणजे सकाळी गावची गुरं जमायची जागा. ती मोडली की गायकीचं काम संपलं.) मग तो पुढे सरकला. "जाळाची परवानगी आनली का जी? म्हनून आले ना?"

मी घास खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. हुकूम नव्हता, कागद खोटा होता, तो कुठे पडला हेही मला ठाऊक नाही.

सखूबाईनं माझ्या पानात पुन्हा भात वाढला. ते मला शिवीपेक्षा जड गेलं.

दसरूभाऊ उठला. चुलीजवळची काडेपेटी घेतली, गायरानाच्या कडेला गेला, पट्टा झाडला, वाऱ्याच्या बाजूनं पाचोळा पेटवला आणि हिरवी डहाळी घेऊन पट्ट्यावर उभा राहिला. आग भुरभुरत वीसेक पावलं आली. पुढे जळायला गवतच नव्हतं. ती आपोआप विझली. चार खोडं तेवढी काळी झाली, वर फुलं तशीच.

"पोटरीएवढा असते तवाच जाळा लागते," तो म्हणाला आणि डहाळी खाली टाकली.

"मी आजच गावाला सांगतो, दसरूभाऊ. सगळ्यांसमोर."

"नोका सांगू जी."

"का?"

"अंगठा देल्ला त्यातले पाच मेले. माहा बाप मराच्या दिवशी म्हने, ढोरं उपाशी राह्यली पन आपन बात नाई मोडली. त्याले तेवढंच होतं. तुमी सांगसान तर त्याचं तेवढंबी जाईन."

"आणि तुझं काम?"

"ते गेलंच ना जी आता. धानोऱ्याले लाकडाच्या डेपोत हमाली भेटते म्हन्तात."

तो मला फाट्यापर्यंत सोडायला आला. वाटेत दोन म्हातारे भेटले. त्यांनी मला ओळखलं, हात जोडले. एकानं अभिमानानं सांगितलं, "साहेब, तवापासून एक काडी नाई लावली आमी." मी दसरूभाऊकडे पाहिलं. तो वाटेकडे बघत होता. मी म्हाताऱ्याला म्हणालो, "हो. चांगलं केलंत."

घरी येऊन महिना झाला. मधल्या अमावस्येला तिथली उरलेली गुरं बाजारात गेली असतील. कबुली देऊन मोकळं व्हायला मी गेलो होतो, आणि आणखी एक खोटं बोलून परतलो. फक्त हे दुसरं खोटं मला त्यांच्यासाठी बोलावं लागलं. म्हणून गावाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही.