बिनपगारीचे आप्पा

आप्पांसमोर कुजबुजायची सोय नव्हती. मोठ्यांदा हाक मारली तर ते ढिम्म हलायचे नाहीत, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी नुसतं पुटपुटलं तरी इकडून उत्तर यायचं. नंद्या एकदा लांबून माझ्याकडे बघत, आवाजही न काढता, "म्हातारा आज तापलाय" असं म्हणाला. आप्पा लगेच म्हणाले, "म्हातारो तुझो बापूस!" लालबागच्या एका गिरणीत त्यांची उमेदीची वर्षं साचेखात्यात, म्हणजे मागांवर गेली होती. तिथल्या खडखडाटात बाजूच्याचं बोलणं कानावर पडत नाही, म्हणून विणणारे सगळे एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. कान गिरणीनेच खाल्ले. मग संप झाला आणि नोकरीही गेली. ओठ वाचायची विद्या तेवढी आप्पा घरी घेऊन आले.

अशा माणसाला आम्ही आमच्या बँडमध्ये ड्रम वाजवायला घेतलं होतं, हे सांगितलं तर आजही कुणाला खरं वाटत नाही. संपाला तेव्हा वीसेक वर्षं उलटून गेली होती. मी गिरगावातली, गिटार वाजवायची आणि गायची. नंद्या काळाचौकीचा, त्याच्याकडे बेस. आम्ही पॉप-पंक वाजवायचो. म्हणजे तीन-चार सूर, भरपूर वेग, आणि प्रेमभंगाचं रडगाणं नाचत नाचत ओरडायचं. बँडचं नाव 'बिनपगारी', कारण आम्हाला कुणी पैसे देत नसे. कॉलेजांच्या मोठ्या स्पर्धेला दोन आठवडे उरले असताना आमचा ड्रमवाला नोकरीसाठी दुबईला निघून गेला आणि आमचे धाबे दणाणले. नंद्या म्हणाला, "आमच्या बेंजो पार्टीत आप्पा आहेत. ताशा वाजवतात. माणूस नाय गं तो, मशीन आहे."

आप्पा पहिल्या दिवशी मिरची कांडपातून थेट मंडळाच्या खोलीत, आमच्या सरावाला आले. संपानंतर ते तिथेच काम करत होते. त्यांच्या सदऱ्यात दिवसभराचा मसाला मुरलेला असायचा, त्यामुळे आमची पहिली ओळख शिंकांमध्येच झाली. त्यांनी ड्रमसेटभोवती एक चक्कर मारली, सगळं हाताने चाचपून पाहिलं आणि पायाखालचा पेडल दिसल्यावर खूश झाले. "पायाक पण काम आसा? बरा झाला. नायतर मेलो नुसतो बसान खाता!" आठ दिवसांत त्यांनी तो सेट असा ताब्यात घेतला की आधीच्या ड्रमवाल्याची आठवण काढायचं आम्हाला कारण उरलं नाही. बँडच्या नावावर मात्र ते फार वेळ हसले. "बिनपगारी? मग मी तुमच्यापेक्षा सीनियर."

त्यांची एकच अडचण होती, वेग. आमचं चार मिनिटांचं गाणं त्यांच्या हातात अडीच मिनिटांत संपायचं. मला श्वास घ्यायला फट मिळायची नाही. मी हात जोडून म्हणायचे, "आप्पा, जरा हळू घ्या ना." ते गंभीरपणे सांगायचे, "साचा हळू चालत नाय बाय. तो चालतो, नायतर बंद असतो." शेवटी आम्हीच वेग वाढवला. पुढे एका कॉलेजच्या भित्तिपत्रकात कुणीतरी लिहिलं की एवढ्या वेगाने वाजवणारा बँड मुंबईत दुसरा नाही. आम्ही ते वाचून कॉलर ताठ केली. खरं तर आम्ही फक्त धापा टाकत होतो.

दुसरी गोष्ट अशी की गाणं त्यांना ऐकूच येत नसे. ढोलाचा दणका छातीत कळायचा, बाकी सगळं माझ्या तोंडाकडे बघून. मी प्रेक्षकांकडे वळले की त्यांचा रस्ता चुकायचा. म्हणून मी प्रेक्षकांना अर्धी पाठ दाखवून, ड्रमकडे तोंड करून गायला लागले. लोकांना ती आमची स्टाइल वाटली. वर्षभरात दोन-तीन कॉलेजांतल्या पोरी तशाच तिरक्या उभ्या राहून गायला लागल्या. त्यांच्या मागे धडधाकट कानांचे ड्रमवाले बसलेले असायचे.

पण त्या पहिल्या स्पर्धेत आप्पांनी जो घोळ घातला तो साचेवाल्याशिवाय कुणी घातला नसता. हॉल भरलेला, आमचं गाणं रंगात आलेलं, आणि माझ्या गिटारची तार तुटली. अशा वेळी बँड थांबत नाही, उरलेल्या तारांवर रेटून न्यायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आप्पांनी दोन्ही हात वर केले आणि ड्रम बंद. हॉलमध्ये चिडीचूप. आप्पा उठून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात ओरडले, "तार तुटली! जोडल्याशिवाय चालवायचा नाय, माल खराब होतो!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आप्पांना त्याचं काही नव्हतं. ते पुढे आले, माझ्या पिशवीतून नवी तार काढली आणि तुटलेले धागे पटापट जोडण्यात जन्म गेलेल्या त्या बोटांनी ती बघता बघता ओवली, ताणली. तोवर कुणीतरी मागून टाळ्यांचा ठेका धरला होता. मी सूर लावला. आप्पा जागेवर जाऊन बसले आणि म्हणाले, "'खिडकीत' म्हणालीस, तिथे थांबली होतीस." माझ्या ओठांवरचा शेवटचा शब्द त्यांनी लक्षात ठेवला होता. त्याच शब्दापासून आम्ही उचललं आणि लोकांनी हॉल अक्षरशः डोक्यावर घेतला. दुसरं बक्षीस मिळालं. त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमात गेलो की मागच्या रांगेतून आरोळी यायची, "तार तोड! तार तोड!" आप्पांना याचा राग यायचा. तार, म्हणजे मागावरचा धागा, मुद्दाम तोडणाऱ्याला गिरणीत काय म्हणायचे ते मला सांगायला त्यांनी कायम नकार दिला.

अशी आमची दोन वर्षं मजेत गेली. कॉलेजं, गणपतीचे मांडव, एकदा तर एका साखरपुड्यातही वाजवलं आणि नवरीच्या आजोबांनी आप्पांना मिठी मारली, कारण तेही साचेवाले. मग एका कंपनीच्या साहेबांनी आमची सीडी काढायचं कबूल केलं. याहून मोठं स्वप्न तेव्हा आमच्याकडे नव्हतं.

दादरच्या स्टुडिओत गेलो आणि पहिल्या तासातच ते स्वप्न आप्पांपाशी येऊन अडलं. ध्वनिमुद्रणात ड्रमवाल्याच्या कानात हेडफोन घालून टिक-टिक असा ठोका सोडतात, आणि त्या ठोक्यावर वाजवायचं असतं. आप्पांना टिकही ऐकू येत नव्हतं आणि टकही. काचेच्या पलीकडे ते एकटे ड्रमपाशी बसले होते. अलीकडे साहेब आम्हाला म्हणाले, "म्हातारा गोड आहे, पण बहिरा आहे. माझा माणूस बोलावतो, दोन दिवसांत सीडी तयार. नाहीतर हे प्रकरण इथेच मिटवू." मी म्हणाले, "ठीक आहे, बघू."

काच जाड होती. आवाज जाण्याचा प्रश्नच नव्हता. एवढं म्हणून मी काचेकडे पाहिलं तेव्हा आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते.

ते शांतपणे बाहेर आले. हेडफोन नीट गुंडाळून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बदली लावायचा तर लाव बाय. संपात माझ्या साच्यावर पण बदली उभा केलेला. त्या पोराचा काय दोष? मी रुसणार नाय." त्यांनी चिडायला हवं होतं, मला दोन शब्द सुनवायला हवे होते. ते माझीच समजूत घालत होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

मी टेबलावरचा हेडफोन उचलून माझ्या कानांना लावला आणि आप्पांचा हात धरून त्यांना परत आत नेलं. त्यांना ड्रमपाशी बसवून मी समोर उभी राहिले. कानात टिक-टिक सुरू झालं, तसं मी तोंडाने, आवाज न करता, मोजायला लागले. एक-दोन-तीन-चार. आप्पांनी माझ्या ओठांवर नजर लावली आणि काठ्या उचलल्या. सगळी गाणी आम्ही अशीच केली. माझा भाग मी नंतर वेगळा गायला. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं, माझे जबडे दुखून आले, साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण एकही ठोका सुटला नाही. "वेग थोडा कमी ठेवलाय कंपनीने," आप्पा शेवटी म्हणाले, "पण माल चांगला झाला."

सीडी फारशी कुठे पोचली नाही. नंद्या नोकरीला लागला, मी लग्न करून ठाण्याला गेले, आणि बिनपगारीचा कारभार भांडणतंटा न होता संपला. आप्पा अधूनमधून भेटायचे. मागच्या वर्षी ते गेल्याचं कळलं.

त्यांच्या घरी भेटायला गेले. काकी, म्हणजे आप्पांची बायको, आमच्या एकाही कार्यक्रमाला कधी आल्या नव्हत्या. त्यांना तो सगळा धिंगाणा वाटायचा. कपाटावर आमची सीडी दिसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेले, "आपलीच सीडी, पण आप्पांना ती कधी ऐकताच आली नसेल ना?"

"तेंका खय ऐकाक येयत?" काकी म्हणाल्या. "माझा तोंड बघून वाचीत. दर आयतवारी सीडी लावून माका समोर बसवीत. एक हात त्या स्पीकराच्या पेटयेर, डोळे माझ्या तोंडार. म्हणायचे, तू म्हण, मी वाजवतंय. गाणा संपेपर्यंत उठूक देयत नसत."

"मग तुम्हाला गाणी येतात?"

काकींनी पदर सावरला, ताठ बसल्या आणि आमचं सगळ्यात वेगवान गाणं सुरू केलं. त्यात एक शिवी आहे, तीही गाळली नाही. मी सोबत म्हणायला लागले, पण दुसऱ्या कडव्यातच मागे पडले. काकी थांबल्या नाहीत. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, एकेक अक्षर ओठांवर ठसठशीत उमटवत, त्या गातच राहिल्या.