उंद्रीचं लेकरू

तिचं नाव मला माहीत नाही. चिखलीहून खामगावला जाणाऱ्या बसमध्ये ती चढली. बारीक डोळे, बसकं नाक, कडेवर तशाच चेहऱ्याची तान्ही मुलगी. मागून कोणीतरी म्हणालं, "चायनावाली आली बे!" दोन-चार जण हसले. माझ्या पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने शेजारच्या रिकाम्या जागेवर घाईने आपली थैली ठेवली.

ती त्याच्यापाशीच थांबली. ओढणी कमरेला खोचत म्हणाली, "बाबा, थैली मांडीवर घ्या न. माह्या हातात लेकरू हाय, नाहीतर मीच उचलली असती."

म्हातारा चपापला. "कोन्या गावची वं तू?"

"माहेर मणिपूर, सासर उंद्री. मले काय म्हनायचं ते म्हना, पन पोरगी उंद्रीतच जन्मली. तिले तरी परकी म्हनू नका."

मग आमच्याकडे होतं तेच झालं. कोणाची सून, कोणती गल्ली, सासऱ्याचं शेत कुठे, असं विचारत म्हाताऱ्याने नातं आपल्या साडूपर्यंत नेऊन भिडवलं. थैली खाली गेली आणि मुलगी त्याच्या मांडीवर आली. बसायला जागा द्यायची तर मध्ये साडू कशाला लागतो, हे मला खटकलंच. पण सुरुवात कुठूनही झाली तरी चालते.

अमडापूरला चढलेली एक बाई मुलीकडे टक लावून पाहत राहिली. "हे कुठलं लेकरू हो, बाबा?"

"आपल्या उंद्रीचं," म्हातारा म्हणाला. "अन् वारा अडवू नको, झोपून राह्यलं ते."